दाजींचा पाय

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला नाही. एकदोनदा तोंडापर्यंत आलं होतं — पण तोंड उघडलं आणि भलतंच बोललो. पाण्याचा टँकर आला का, गॅस संपला का, असलं काहीतरी.

तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही दाजींना ओळखत नाही. ओळखत असता, तर तुम्हालाही सांगितलं नसतं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. वीस-बावीस वर्षं टेम्पो चालवला त्यांनी. भाजी, विटा, कंपन्यांचा माल, जे मिळेल ते. ताम्हिणीचा घाट त्यांना घरच्या जिन्यासारखा माहीत होता. कुठल्या वळणावर कुठला गिअर हे विचारावं लागत नसे. गाडीला कधी ओरखडा नाही. आमच्या भरे गावात कुणाच्या लग्नाची गाडी न्यायची असली की लोक दाजींकडेच यायचे. तेवढा एक मान त्यांना होता. दुसरं फारसं काही नव्हतं.

मी उरवड्याला एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. आलेला माल मोजायचा, डब्यांवरच्या तारखा बघायच्या, मुदत संपलेलं परत पाठवायचं. हे मुद्दाम सांगतोय. तारखा बघणं हेच माझं काम आहे.

तीन वर्षांपूर्वी मी जुनी गाडी घेतली. चाळिशीत गाडी चालवायला शिकलो आणि मग मोबाइलवर व्हिडिओ बघायचं वेड लागलं. इंजिन ऑइल घरीच बदललं, एअर फिल्टर बदलला. दर वेळी वाटायचं, बघा, जमलं. मग एकदा व्हिडिओत ऐकलं, ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदलावं. दाजींना सांगितलं, आता ब्रेक ऑइल बदलणार, घरीच. आम्ही सगळे जेवत होतो. दाजींनी हातातला घास ताटात ठेवला.

"ब्रेकला हात लावू नको, सुन्या. बाकीचं काय करायचं ते कर. पिरंगुटला माणूस हाय आपला, त्याच्याकडं टाक गाडी."

"सोपं आहे दाजी, मी बघितलंय."

"बघून काय व्हतंय? तुला न्हाई जमायचं ते."

ताई हसली. आई हसली. दाजी हसलेही नाहीत — पण मला ते हसणं त्यांचंच वाटलं. एवढ्यावरून? हो, एवढ्यावरूनच.

पुढच्या रविवारी अंगणात गाडी जॅकवर घेतली. ब्रेक ऑइल बदलायचं म्हणजे बॉनेटखालच्या डबीत वरून नवं ओतायचं आणि एकेका चाकापाशी छोटा निपल ढिला करून जुनं बाहेर काढायचं. एकानं आत बसून पेडल दाबायचं, दुसऱ्यानं चाकाशी पाना धरायचा. आत कल्पना बसली, माझी बायको. मी खालून ओरडायचो — दाब. धर. सोड. पहिलं चाक झालं, दुसरं झालं. निपलला लावलेल्या नळीतून काळपट ऑइल बाटलीत पडत होतं आणि मला फार बरं वाटत होतं. इतकं बरं, की वरच्या डबीकडे बघायचं राहिलं.

डबी रिकामी झाली होती. नळीतून ऑइलऐवजी बुडबुडे यायला लागले. कल्पना आतून म्हणाली, "अहो, हे खालीच जातंय. काही लागतच नाही पायाला."

ब्रेकमध्ये हवा गेली होती. पुन्हा सगळी चाकं पहिल्यापासून करायची, तर नवं ऑइल पुरणार नव्हतं. उरलं होतं कसंबसं पाव बाटली. रविवारी दुकानं बंद. गाडी जॅकवर. आणि संध्याकाळी ताई-दाजी जेवायला येणार होते.

आता ऐका. घरी माळ्यावर ब्रेक ऑइलचा एक कॅन होता, कारखान्यातून मीच आणलेला. मुदत संपली म्हणून फेकायला काढलेला, अर्धा भरलेला, झाकण सैल. दोन पावसाळे तो तिथे पडून होता, आणि मुळशीचा पावसाळा म्हणजे कपाटातल्या चादरीसुद्धा ओल्या लागतात. व्हिडिओतला माणूस तीनदा बजावून सांगत होता की उघडी राहिलेली बाटली वापरू नका. हे ऑइल हवेतलं पाणी पितं. मग ब्रेक तापले की त्या पाण्याची वाफ होते, आणि वाफेवर पेडल दाबून काही उपयोग नसतो.

मी हे ऐकलेलं होतं. कॅनवरची तारीखही वाचली होती. सवयीनं.

मी तेच ओतलं.

चारी चाकं पुन्हा केली. पेडल वर आलं. पहिल्यापेक्षा थोडं खोल, पण लागत होतं. "पाय जरा आत जातोय हो," कल्पना म्हणाली. "नवीन आहे, बसेल हळूहळू," मी म्हणालो. संध्याकाळी दाजी आले तेव्हा गाडी धुऊन पुसून उभी होती. त्यांनी बॉनेटवर थाप मारली आणि म्हणाले, "केलंस की रं!" त्या शब्दासाठी मी काय केलं होतं, ते त्यांना कुठं माहीत होतं?

दोन आठवडे मी ती गाडी भरे ते उरवडे चालवली. सपाट रस्ता, थोडंसं अंतर. काहीही झालं नाही. रोज काही होत नव्हतं आणि रोज मी जरा जरा विसरत होतो.

मग एप्रिलमध्ये मावसभावाचं लग्न आलं, घाटाखाली, माणगावकडे. मला घाटात चालवायची सवय नाही, म्हणून गाडी दाजी नेणार. गाडीत ताई, आई, दोन मावश्या. आमच्या मुलीला ताप होता, म्हणून कल्पना घरी थांबणार होती. आणि मी मोटरसायकलवर, गाडीत जागा नाही म्हणून. म्हणजे असं मी म्हणालो. मावश्या बारीक आहेत, आई त्याहून बारीक. दाटीवाटीनं बसलो असतो. मग मी मोटरसायकल का काढली? हा प्रश्न मी स्वतःला इतक्या वेळा विचारलाय, की आता त्याचं उत्तर काय होतं तेच कळेनासं झालंय.

निघताना कल्पनानं मला आत बोलावलं. "ते पेडल आत जातंय, दाजींना सांगितलंत ना?"

"सांगितलं," मी म्हणालो.

आणि बाहेर येऊन किल्ली दाजींच्या हातात दिली.

मुळशीपर्यंत सगळं ठीक होतं. ताम्हिणीचा उतार लागला. मी मागेच होतो, फार तर चाळीस-पन्नास फूट. ऊन तापलं होतं. तिसऱ्या-चौथ्या वळणानंतर मला वास आला. जळक्या ब्रेकचा वास, करपलेल्या कापडासारखा. तेव्हा हॉर्न द्यायचा होता. पुढे जाऊन गाडी थांबवायची होती. सावलीत अर्धा तास उभी केली असती, तर पुरलं असतं. पण दाजी उतरून विचारणार, काय रे, काय झालं? मग काय सांगायचं होतं? म्हटलं, थोडाच घाट राहिलाय.

पुढच्या उतारावर गाडीचा वेग वाढला. दाजींनी गिअर पाडला, इंजिन ओरडलं, मग गाडी डोंगराच्या बाजूला वळली. दरी डावीकडे होती. ते डावीकडे गेले नाहीत. त्यांनी मुद्दाम गाडी डोंगराकडच्या गटारात घातली, उजव्या हाताला. तिथे एक बाई झाडाखाली करवंदांचे द्रोण घेऊन बसली होती. ती उठली, दाजींनी तिला चुकवायला चाक आणखी वळवलं, पण गाडीचा मागचा भाग फिरला आणि तिच्या पायावर गेला.

बुधीबाई तिचं नाव. वरच्या वाडीतली. तिचा आवाज मी सांगणार नाही.

आईच्या बरगड्यांना मार बसला, ताईच्या कपाळाला टाके पडले. मावश्या वाचल्या. दाजींना खरचटलंसुद्धा नव्हतं. ते रस्त्यावर उभे होते आणि एकच बोलत होते, "खाली गेला रं. टेकला. लागलाच न्हाई."

दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून मी मोबाइलवर पुन्हा वाचलं. पाणी, वाफ, पेडल. आणि एक नवीन गोष्ट कळली. ब्रेक थंड झाले की वाफेचं पुन्हा पाणी होतं. पेडल परत वर येतं. मागे काहीच खूण राहत नाही.

दोन दिवसांनी गाडी तपासायला अधिकारी आले. पोलीस चौकीच्या आवारात आम्ही सगळे उभे होतो. त्यांनी आत बसून पेडल दाबलं, पुन्हा दाबलं, गाडी थोडी पुढे घेऊन थांबवली. गाडी थांबली. "जरा खोल आहे, पण लागतोय की," ते म्हणाले.

"साहेब, खाली गेला व्हता," दाजी म्हणाले. "आईशप्पत, जमिनीला टेकला व्हता."

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. ताईसुद्धा. आणि तेव्हा मी पुढे झालो, दाजींच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "दाजी, गडबडीत पाय रेसवर पडला असंल. व्हतं असं. कुणाचंबी व्हतं."

इतक्या मायेनं मी त्यांच्याशी त्याआधी कधी बोललो नव्हतो.

दाजी माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी आपल्या उजव्या पायाकडे पाहिलं. अधिकाऱ्यांनी कागदावर लिहिलं.

त्यांचं लायसन काही महिने अडकलं, मग परत मिळालं. पण त्यांनी टेम्पो विकला. आता मारुंजीला एका मोठ्या सोसायटीत गेटवर असतात. गाडी आली की दांडा वर करतात, गेली की खाली. लोकांना स्वतःच सांगतात, मी ड्रायव्हर होतो, माझा पाय चुकला. खुर्चीवर बसले असले की त्यांचा उजवा पाय जमिनीवर सरकत असतो, इकडून तिकडे, तिकडून इकडे. त्यांना कळत नसावं. ताईला कळतं. ती बघत नाही.

बुधीबाई काठी घेऊन चालते. डोंगर चढणं बंद झालं, म्हणजे करवंदं, मध, कंद सगळंच बंद. दाजी दर दोन-तीन महिन्यांनी सुट्टी घेऊन एसटीनं तिच्या वाडीवर जातात, काही ना काही घेऊन. एकदा मलाही घेऊन गेले. ती दाजींना म्हणाली, "तू गाडी वळवली नसतीस तर मी कुटं असते?" मी अंगणात उभा होतो. आत या म्हणाली, गेलो नाही.

गाडी मी भंगारात दिली. दुरुस्त होण्यासारखी होती. कॅन नाल्यात टाकला. कल्पनाला वाटतं, दाजींना पेडलचं माहीत होतं आणि तरी त्यांनी गाडी जोरात घेतली. ती आता त्यांच्याशी पहिल्यासारखी बोलत नाही.

हे सगळं सांगितलं, तरी मुख्य सांगायचं राहिलंय.

गेल्या महिन्यात दाजींनी मला गेटवर बोलावून घेतलं. दुपारची वेळ, वर्दळ नव्हती. मला खुर्ची दिली, स्वतः उभे राहिले. म्हणाले, "सुन्या, एक इचारू? लई दिवस डोक्यात हाय. ब्रेकवर पाय असला की मागं लाल दिवा लागतो. रेसवर असला तर न्हाई लागत. तू माझ्या मागंच व्हतास. आठवून सांग. दिवा लागला व्हता का?"

लागला होता. वळण सुटल्यापासून गटारात जाईपर्यंत दोन्ही दिवे लाल होते. विझत होते, पेटत होते, विझत होते, पेटत होते. दाजी पुन्हा पुन्हा पेडल मारत होते. उन्हातही स्वच्छ दिसत होतं. डोळे मिटले तरी दिसतं.

दोन वर्षं त्या माणसानं हा प्रश्न तयार केला होता. एवढा साधा, एवढा नेमका. आणि विचारायला माणूस निवडला तो मी.

"न्हाई, दाजी," मी म्हणालो. "न्हाई लागला."

त्यांनी मान हलवली. "मंग चुकलाच," म्हणाले. एक गाडी आली, तिच्यासाठी दांडा वर करायला गेले. परत आल्यावर मला चहा पाजला.

त्यांचा पाय चुकला नव्हता. मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. उद्या रविवार आहे, ताई-दाजी आमच्याकडे जेवायला येतील, आणि उद्याही मी त्यांना सांगणार नाही.