बीज दोघांचं

अशोकाच्या सालीच्या काढ्याचा तुरट वास कुठे आला की मला मांडवीचं माझं सासर आठवतं. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि तो काढा रोज पिऊनही मूल नव्हतं. अंगणभर आमसुलं वाळत घातलेल्या एका दुपारी मामंजींनी वैद्यबुवांना बोलावलं. माजघराच्या दारात बसून मी हात पुढे केला. त्यांनी नाडी क्षणभर धरली आणि मामंजींकडे वळून म्हणाले, "वंध्येयम्. असाध्या." ही वांझ आहे, उपाय नाही, एवढाच त्याचा अर्थ. मला कळू नये म्हणून ते संस्कृत होतं, पण राजापूरच्या एका वैद्याची मी मुलगी, वडिलांच्या पोथ्या वाचतच वाढलेली. मामंजी म्हणाले, "मग मुलाचं दुसरं लग्न करायला आम्ही मोकळे." मी उठून विचारलं, "बीज दोघांचं असतं, बुवा. यांची नाडी पाहिलीत?" वैद्यबुवा पिशवी आवरू लागले. सासूबाई म्हणाल्या, "नवऱ्याला नावं ठेवणारी या घरात नको." नवरा समोरच झोपाळ्यावर बसला होता. त्याने पायाने झोका थांबवला आणि मग पुन्हा सुरू केला. दुसऱ्या दिवशी मोटारीने मला माहेरी धाडलं आणि दिवाळीनंतर त्या घरात दुसरी आली. तिलाही मूल झालं नाही हे पुढे कानावर आलं, तेव्हा मी हसले होते. त्या पोरीचा काय दोष, म्हणून त्या हसण्याची आता लाज वाटते. पण बाकीच्या तिघांना आणि त्या वैद्याला मी अजून क्षमा केलेली नाही.