वरच्या घाटावरची मरळ
कुंडीतली माती उकरताना बोटांना गांडूळ लागलं आणि मारेगावजवळच्या आमच्या गावचा तलाव आठवून डोकं तापलं. तेव्हा आम्ही बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्याला वर्षच झालं होतं. तोवर आम्हाला तलावाच्या खालच्या, गाळाच्या काठावरच जाता येई; वरचा घाट सवर्णांचा. आत्याला मासे धरायचा भारी नाद. त्या रविवारी ती बांबूची काठी, गळ आणि ज्वारीच्या धांड्याचा तरंगा घेऊन मुद्दाम वरच्या घाटाच्या पायरीवर बसली. दुपारी हातभर लांब मरळ गळाला लागली, तशी ती पोरीसारखी हसली. तेवढ्यात गावचा मालदार सायकलवरून आला. "इथं कायले बसली वं? पाणी बाटते ना!" म्हणत त्यानं तिची काठी गुडघ्यावर मोडली आणि मला म्हणाला, "थे मरळ माह्या सायकलले बांध." आत्या ताडकन उठली. "पाणी बाटते, मंग त्यातला मासा कसा नाही बाटत?" तो नुसता हसला. आणि एकवीस वर्षांच्या धडधाकट मी काय केलं? पळसाच्या पानांत मासा गुंडाळला आणि निमूटपणे त्याच्या कॅरिअरला बांधून दिला. त्याच्यावरचा राग कधीतरी विझेलही. पण मातीनं भरलेले हे हात तेच आहेत, ते कुठं टाकू?