बिरप्पाची आभाळातली फेरी

“ती वर बगतच न्हवती,” बिरप्पा एकदा म्हणाला होता.

सोलापूर मागं टाकून मंगळवेढ्याच्या वाटेला लागलं, की एका सूतगिरणीच्या मालकांनी माळ सपाट करून विमानाची पट्टी केली होती. बिरप्पा तिथला राखणदार. धनगराचा पोर, पट्टीवर जनावर फिरकू द्यायचं नाही, मोकळी असली की पांढरं निशाण हलवायचं, एवढंच काम. निशाण दिसल्याशिवाय पायलट महिपतराव उतरत नसत.

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात महिपतराव म्हणाले, “बिरप्पा, रोज आम्हाला खाली घेतोस. उद्या तू वर चल.”

“मग निशान कोन दावंल, सायेब?”

“तूच. वरून बघ की मोकळी आहे का ते!”

रात्री तो बायकोला, केराबाईला म्हणाला, “उद्या दुपारी मेंढरं पट्टीच्या कडंला आन. गंमत दावतो.”

“कसली वं?”

“मान दुखंस्तवर वर बगशील.”

“तुमचं कायतरी नवीनच,” ती म्हणाली.

गंमत काय ते त्यानं सांगितलं नाही. सांगितलं तर ती गंमत कसली?

विमान उचललं तेव्हा त्यानं डोळे मिटले होते. उघडले तर खाली बापाच्या मेंढरांनी पाडलेल्या वाटा, पांढऱ्या, बारीक. सगळ्या एकाच विहिरीकडं चाललेल्या. जन्मभर चालून त्याला हे कळलं नव्हतं. तो पोरासारखा हसला. तिला हात करायला म्हणून काचेला चिकटून बसला.

परतताना पट्टीवर काळा डाग दिसला. ढगाची सावली असेल, त्याला वाटलं. पण आभाळात ढग नव्हता.

केराबाईनं मेंढरं कडेला ठेवली होती आणि भाकरी घेऊन ती त्याला राखणदाराच्या खोलीत शोधत होती. तेवढ्यात मेंढरं पट्टीवर चढली. उन्हात मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली मुंडकी घालून उभी राहतात. मग आभाळ कोसळलं तरी हलत नाहीत. हलली तर फक्त बिरप्पाच्या हाळीला. तो काचेला तोंड लावून हाळी देऊ लागला.

“अरे, त्यांना ऐकू जात नाही!” महिपतराव ओरडले.

घिरटी घेताना इंजिन खोकलं. आता उतरणं भाग होतं. केराबाई कळपात शिरून मेंढरं ढकलत होती, खांद्यानं, गुडघ्यानं. विमान तिच्या डोक्यावर आलं. तरी तिनं वर पाहिलं नाही.

महिपतरावांनी पट्टी सोडून विमान बाजूच्या माळावर घातलं. चाक तुटलं, त्यांचा हात मोडला. केराबाई धुळीत बसली होती. बिरप्पा तिच्यापर्यंत गेला. पण तिला हात लावायचं धाडस झालं नाही.

दुसऱ्या दिवशी मालकांनी तिघांना कचेरीत उभं केलं.

“मेंढरं कुणी आणली पट्टीवर?”

महिपतरावांनी गळ्यात अडकवलेल्या हाताकडं पाहिलं. बिरप्पानं पांढरं निशाण काखेत घट्ट धरलं.

“म्या आनली, मालक,” केराबाई म्हणाली. “ह्येंनी नगं म्हनलं हुतं.”

“बाईची अक्कल!” मालक म्हणाले. “माणसं मेली असती की! बिरप्पा, तुझी नोकरी राहील. पण ही पुन्हा तिथं दिसली नाही पाहिजे. समजलं?”

नुसतं ‘व्हय’ म्हणायचं होतं. किंवा खरं सांगायचं होतं. त्यानं केराबाईकडं पाहिलं. ती फरशीकडं बघत होती. आताही तिनं मान वर केली नाही.

काखेतलं निशाण त्यानं मालकांच्या टेबलावर ठेवलं आणि तो बाहेर गेला.