हिरव्या हौदाच्या काकू

शहागडच्या आमच्या शेजारच्या काकू बोलल्या की हायवेवरचे हॉर्न दबतात. अंगणातल्या हौदात त्या मत्स्यबीज केंद्रातून आणलेली शिंपल्यांची पिल्लं वाढवतात. बाळाच्या अंघोळीचं पाणी बघावं तसं, येता-जाता त्यात कोपर बुडवून बघतात. मागच्या उन्हाळ्यात पाणी तापून सगळी पिल्लं गेली. यंदाचीही जातील, ही त्यांना धास्ती.

परवा पाणी हिरवट दिसलं. शेजारधर्म म्हणून मी फिल्टरच्या पाण्याचा जार आणून हौदावर तिरपा केला.

“थांबा भाऊ! उपाशी मारता का त्यान्ला? ते हिरवंच त्यांचं खाणं हाय. अन् कवच बांधायला बोअरचाच चुना लागतो, तुमचं गोडं पाणी न्हाई!”

त्याच चुन्याचा थर कुकरला बसतो म्हणून मी रोज बोअरला शिव्या घालतो.

काकूंनी एक पिल्लू बशीत घेऊन माझ्या हातात भिंग दिलं. तिळाएवढ्या काचेसारख्या शिंपल्यातून जिभेसारखा पाय निघाला, चाचपडला आणि त्यानं अख्खं घर पुढं ओढलं. कवचाच्या काठावर नवी, कोवळी कड आली होती.

“वाढून राह्यलंय,” काकू कुजबुजल्या.

त्यांना कुजबुजता येतं, हे मला तेव्हा कळलं. मी “हो” म्हणालो, तेही जवळजवळ मनातच.