बिनफुलांचा गुलाब

सावंतकाकांनी बाल्कनीचं दार सरकवलं आणि स्वतः बाजूला झाले.

“बघा मॅडम. माझ्या डोक्याच्या वर गेलाय. पाणी, खत, सगळं टाइमवर. फक्त फूल देत नाही. आज येईल, उद्या येईल करत दोन वर्षं गेली.”

मोठ्या कुंडीत गुलाब खरोखर माजला होता. लांब, लवचिक, हिरव्यागार फांद्या ग्रिलमधून बाहेर पडून वरच्या मजल्याकडे निघाल्या होत्या. मी पानं बघितली, काटे बघितले.

आमची कंपनी मुलुंड ते अंधेरी या पट्ट्यात लोकांच्या गच्च्या आणि बाल्कन्यांमधल्या बागा सांभाळते. मी हॉर्टिकल्चर शिकलेली, म्हणून तक्रारीच्या व्हिजिट माझ्याकडे येतात. ही तक्रार काकांच्या मुलीने, स्वातीने, फोनवर नोंदवली होती. “तो गुलाब आईचा आहे,” ती म्हणाली होती. “आई गेल्यापासून पप्पा त्याच्याच मागे असतात. फूल येईल असं काहीतरी करा.”

काका साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमधून फिटर म्हणून रिटायर झालेले. गुलाब आधी तिथल्याच चाळीत, रंगाच्या रिकाम्या डब्यात होता. काकूंनी तो कुठून आणला ते कुणालाच ठाऊक नव्हतं, त्याचं नावही नाही. आतून फिकट गुलाबी, बाहेरच्या पाकळ्या गडद, आणि वास जिन्यापर्यंत जायचा, एवढं काका सांगू शकत होते.

इथे थोडं समजावून सांगायला हवं. नर्सरीतला गुलाब बहुतेक वेळा कलमी असतो. म्हणजे एका रोपात दोन झाडं असतात. खाली मुळांसकट जंगली गुलाब, त्याला खुंट म्हणतात. तो चिवट असतो. त्याच्यावर हव्या त्या जातीचा डोळा, म्हणजे फांदीवरचा छोटा कोंब, बसवतात. फुलं देतो तो वरचा. दोघांच्या मधे एक गाठ दिसते, तो कलमाचा जोड. जोडाखालून फुटवा आला तर तो खुंटाचा. तो वेळीच काढावा लागतो, नाहीतर सगळी ताकद तोच खातो. जंगली फांदीला सात पानं असतात असं लोक सांगतात, पण ती खूण भरवशाची नाही. माती उकरून फांदी कुठून निघालीय ते बघावं.

मी बोटांनी माती उकरली. जोड बराच खोल गाडला गेला होता.

“वरून माती कोण घालतं?”

“मीच. खाली बसते ना ती. दर वर्षी शेणखत घालून लेव्हल करतो.”

हिरव्यागार फांद्या सगळ्या जोडाच्या खालून आल्या होत्या. जोडाच्या वर जुन्या फांद्यांची नीट कापलेली थोटकं होती.

“आणि या जुन्या फांद्या?”

“सुकट होत्या. म्हटलं, नवीन जोमात येतायत, त्यांना जागा करून देऊया.”

जोडावरची एकच फांदी उरली होती. काकूंनी ती ग्रिलच्या कोपऱ्यात सुतळीने बांधली होती आणि तिथे काकांची कात्री पोचली नव्हती. तीही शेंड्याकडून काळी पडत खाली येत होती. याला आम्ही डायबॅक म्हणतो. काळेपणा तळापर्यंत पोचला की फांदी संपली. खालच्या बाजूला थोडेच डोळे जिवंत होते.

“औषध घेऊन परत येते,” एवढंच सांगून मी खाली उतरले आणि बॉसला फोन लावला. मेहुलभाई घाटकोपरच्या ऑफिसात होते.

“अगं, रिप्लेस करून टाक ना,” ते म्हणाले. “पिंकमध्ये तशा शेडचं काहीतरी मिळेल. रात्रीत कुंडी बदल, अंकल खूश, विषय संपला.”

“त्यांना कळेल.”

“फुलाला काय आधार कार्ड असतं?”

मग स्वातीला फोन केला. तीही म्हणाली, “तसंच दिसणारं आणता आलं तर बघा ना. पप्पांना हे सांगू नका.”

माझा दादा जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. त्याच्या चष्म्यासारख्या फ्रेम दुकानांत किती असतात आणि त्यातली एकही त्याची नसते, हे मला नव्याने दिसू लागलं होतं. मी स्वातीला म्हटलं, “आधी खरं सांगते. जमलं नाही, तर मग तू ठरव.”

दुसऱ्या दिवशी काकांना बाल्कनीतल्या स्टुलावर बसवलं.

“काका, हा जो वाढलाय तो काकूंचा गुलाब नाही.”

“मगे कोणाचो?”

मी जोड दाखवला. खुंट दाखवला. कोपऱ्यातली काळी पडत चाललेली फांदी दाखवली. काकांनी वाकून ती चाचपली.

“म्हणजे मी दोन वर्षं शेजाऱ्याक जेवूक घालतंय,” ते म्हणाले, “आणि घरचं माणूस उपाशी.”

“घरचं माणूस अजून आहे. आणि शेजारी चांगला धडधाकट आहे. त्याच्याच खांद्यावर बसवू.”

जंगली फांद्यांमधल्या पेन्सिलीएवढ्या जाडीच्या तीन निवडल्या, बाकीच्या मुळापासून ओढून काढल्या. नुसत्या कापल्या तर त्या परत फुटतात. हवा थंड होती, झाडात रस चढलेला होता, त्यामुळे साल सहज सुटत होती. सालीवर एक आडवी आणि एक उभी चीर दिली. जुन्या फांदीवरून सालीच्या पातळ चकतीसकट डोळा काढला, पानाच्या देठाचा तुकडा त्याला तसाच ठेवला, आणि चिरेत सरकवला. वरून प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळली, डोळा तेवढा उघडा. असे तीन डोळे भरले. चौथा काढण्याजोगा नव्हता.

काका मान वाकडी करून बघत होते. “हे तर फिटिंगच झालं.”

“हो. वेल्डिंग मात्र झाड करतं.”

निघताना खूण सांगितली. काही दिवसांनी देठाला बोट लावायचं. तो अलगद गळून पडला तर डोळा धरला. सुकून चिकटून राहिला तर गेला.

पहिल्याचा देठ सुकून चिकटला. काकांनी तसं शांतपणे फोनवर कळवलं. मग एके सकाळी त्यांचा आवाज चढलेला होता.

“मॅडम, वाट लागली! हात लावला तर दोन्ही पडले!”

“काका, देठ पडायलाच हवे होते. डोळे धरले.”

“काय सांगतेस गो!”

आता डोळ्याच्या वरचा जंगली भाग कापायचा होता. कात्री मी त्यांच्याच हातात दिली. दोन वर्षं वाढवलेल्या हिरवळीतलं तेवढंच उरलं होतं. कापून झाल्यावर बाल्कनी एकदम उघडी पडली. स्वाती गोरेगावहून आली होती, ती दारातच म्हणाली, “पप्पा, पार टक्कल केलंत की!”

“गप गो. केस येतले.”

त्याच सुमारास जुनी फांदी तळापर्यंत काळी झाली. म्हणजे आता जे काही होतं ते त्या दोन डोळ्यांत होतं. ते फुटले. तांबूस, कोवळी पानं आली, आणि उन्हाळा कडक व्हायच्या आत एका फांदीला कळी धरली.

फूल उमललं त्या दिवशी काकांनी स्वातीला आणि मला बोलावून घेतलं. बाहेरच्या पाकळ्या गडद होत्या. ते वाकले, वास घेतला आणि तसेच वाकलेले राहिले.

“हीच,” ते म्हणाले. मग आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडले, “स्वाती, चाय टाक मॅडमसाठी!”

मेहुलभाईंना फोटो पाठवला. त्यांचा रिप्लाय आला, “झकास. पण एवढ्या व्हिजिट?”

कुंडीतला गुलाब बघायला गेले की हल्ली मी फुलांविषयी विचारत नाही, आधी माती उकरते. जोड मातीच्या वर ठेवावा, दर वर्षी भर घालताना तर नक्कीच. आणि नाव माहीत नसलेलं झाड एकाच कुंडीत ठेवू नये. काकूंच्या गुलाबाचे पुढच्या थंडीत मी आणखी डोळे भरले. त्यातली एक कुंडी आता गोरेगावला आहे. स्वाती म्हणते, पप्पा आले की आधी तिची माती उकरतात, मग चपला काढतात.