आधी काळी, शेवटीही काळी

गाडीच्या बॉनेटखाली हात घालण्याआधी पेलेनातो बोटातली लग्नाची अंगठी काढायचा आणि बायकोच्या तळहातावर ठेवायचा. मासिना ती आपल्या अंगठ्यात चढवायची आणि काम संपेपर्यंत तशीच घरभर वावरायची. सावाई बेटावरच्या त्या गावात हा सोहळा पाहायला चार रिकामटेकडे नेहमी हजर असत.

"झाला बघा, पुन्हा बिनलग्नाचा झाला!" कोणी तरी ओरडायचं.

"होऊ दे की," मासिना म्हणायची. "एकसष्ट वर्षांचं हे वंगणाचं पिंप न्यायला कोण येतंय, तेच बघते मी."

पेलेनातोचं गॅरेज म्हणजे घरासमोरचं नीरफणसाचं झाड. फांदीला जड वस्तू उचलायची साखळी आणि बुंध्याशी पान्यांची पेटी, एवढाच सगळा बाडबिस्तरा. पण कामाला उभा राहिला की त्या झाडाखाली रंगमंच उभा राहायचा. माणूस मोठा संथ. जुना नट जसा एन्ट्रीच्या आधी विंगेत उभा राहून पगडीपासून जोड्यापर्यंत सगळं चाचपून घेतो, तसा तो एकेक पाना चाचपायचा. गावात बोललं जायचं, की समुद्रातलं कासव वाळूवर येऊन, अंडी घालून परत जाईल, तरी पेलेनातोचा पहिला बोल्ट अजून सुटायचाच असेल.

या संथपणामागे त्याच्या डाव्या हाताचं चौथं बोट होतं. चोवीस वर्षांचा असताना तो ऑकलंडच्या एका गॅरेजात नोकरीला होता. लग्नाला तीन महिने झालेले, घरी जायची घाई. बॅटरी न सोडवताच त्याने पाना लावला. पान्याचं एक टोक बॅटरीच्या खुंटीवर, दुसरं अंगठीला टेकलेलं, आणि अंगठी गाडीच्या पत्र्याला. डोळ्याचं पातं लवायच्या आत सोन्याची अंगठी निखाऱ्यासारखी लाल झाली. बोट वाचलं, पण त्याच्याभोवती एक गुळगुळीत पांढरा वळ कायमचा उरला.

तेव्हापासून त्याचे तीन नियम होते. अंगठी मासिनाकडे. बॅटरीची काळी वायर सगळ्यात आधी काढायची आणि सगळ्यात शेवटी लावायची. आणि काम मध्येच थांबलं, मग ते पाणी प्यायला का असेना, तर परत आल्यावर पहिल्यापासून सगळं तपासायचं. या तिसऱ्या नियमावर गाव फार हसायचं.

"अरे, पाणी पिऊन येईपर्यंत बॅटरीला काय पाय फुटतात?"

पेलेनातो हसून पुन्हा पहिल्या बोल्टपासून सुरू करायचा.

त्यानंतर एकदाच त्याने घाई केली, आणि ती त्याला अजून सलत होती. ऑक्टोबरात मुलांचा रविवार येतो. त्या दिवशी चर्चमध्ये मोठी माणसं मागे आणि पांढरेशुभ्र कपडे घातलेली मुलं पुढे बसतात. दोन महिने घोकलेली वचनं एकेक मूल उभं राहून म्हणतं, आणि नंतर जेवायलाही मुलंच आधी बसतात. डोंगरावरच्या वाडीतली चौदा मुलं खाली आणायला एकच गाडी होती, रोपेताची व्हॅन. गेल्या वर्षी आदल्या दिवशी तिच्या इंजिनाचा पट्टा तुटला. रोपेता डोक्यावर उभा, "आटप काका, आटप." पेलेनातोने नवा पट्टा चढवला, पण अंगठ्याने दाबून त्याचा ताण काही पाहिला नाही. सकाळी मुलांना घेऊन व्हॅन दोन मैल आली, पट्टा किंचाळला, जळला, आणि गाडी बसली. काळ्या लाव्हाच्या रस्त्यावरून पांढऱ्या कपड्यांतली मुलं चालत आली. तोवर वचनं संपली होती.

त्यांच्यातली आठ वर्षांची सिएनी चर्चच्या पायरीवर पेलेनातोजवळ येऊन उभी राहिली होती. "मला सगळं पाठ आहे, आजोबा. तुम्ही तरी ऐकता?" आणि तिने अकराच्या अकरा ओळी त्याच्यासमोर म्हटल्या, हात जोडून, समोर भरलेलं सभागृह असल्यासारख्या. त्याला कोणीही एका शब्दाने बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

म्हणून यंदा मुलांच्या रविवारच्या आदल्या दिवशी रोपेताची व्हॅन दोरीने ओढत नीरफणसाखाली आली, तेव्हा पेलेनातो पुढे झाला नाही. आधी खाली बसला.

"काय झालंय?"

"चालूच होत नाही काका. बॅटरी रात्रभर भरून घेतली, तर सकाळी दहा मैलांत पुन्हा मेली."

"समोरचा लाल दिवा लागत होता?"

रोपेता चाळिशीचा गडी, फुलाफुलांचा शर्ट, कानामागे खरंखुरं फूल. त्याने मान खाजवली. "लागत होता. पंधरा दिवस. डोळ्यांत यायचा म्हणून मी त्यावर चिकटपट्टी लावली."

"वा! देवळातला नंदादीप विझवावा तसा विझवलास की रे," पेलेनातो म्हणाला. "अल्टरनेटर गेलाय. गाडी धावताना बॅटरी भरतो तो. तो मेल्यावर बॅटरी जन्माची शिदोरी खात बसली, ती किती पुरणार?"

दुसरा अल्टरनेटर पलीकडच्या बेटावरच्या आपिया शहरातून दुपारच्या बोटीने यायचा होता. तोवर बॅटरी चार्जरला लावून पुन्हा भरून घेतली; अल्टरनेटर हातात पडेपर्यंत साडेतीन वाजले. पेलेनातोने अंगठी काढली. मासिना दारातच हात पसरून उभी होती.

"यंदा इंजिन सुरू झालं की लगेच मागू नकोस," ती हळूच म्हणाली. "गेल्या वर्षी मी लवकर दिली."

त्याने मान हलवली. मग रोपेताकडून किल्ली मागून घेतली आणि कमरेला लुंगीसारख्या गुंडाळलेल्या लावालावाच्या गाठीत खोचली. बॅटरीची काळी वायर सोडवली, फडक्यात गुंडाळली आणि बॅटरीपासून लांब वळवून ठेवली. पट्टा कुठून कसा फिरतो ते खडूने पत्र्यावर काढून घेतलं.

"हे चित्र कशाला काका? गॅरेज आहे की शाळा?"

"काढताना सगळं सोपं दिसतं, बाबा. लावताना पट्टा म्हणतो, ओळखलंस का मला?"

ताण धरणारा बोल्ट सैल करून त्याने पट्टा उतरवला, प्लग ओढला, जाड वायरीचा नट काढला, मग दोन मोठे बोल्ट. जुना अल्टरनेटर बाहेर आला तेव्हा त्याला करपलेला वास येत होता. पेलेनातोने जुना आणि नवा शेजारी शेजारी झावळीच्या चटईवर मांडले, जशी लग्नाआधी सोयरीक जुळवून बघतात. बोल्टांची भोकं एकसारखी. पुलीच्या खाचा मोजल्या, तितक्याच. प्लगची ठेवण तीच. नव्याची पुली बोटाने फिरवून कानाशी धरली, घरघर नव्हती.

"जुळतंय?" रोपेता अधीर झाला होता.

"पत्रिका जुळली. आता संसार बघू."

नवा जागेवर बसवून त्याने बोल्ट आधी हातानेच फिरवले, मग पान्याने. पट्टा खडूच्या चित्राबरहुकूम चढवला, ताण घेतला आणि लांब बाजूच्या मधोमध अंगठा दाबला. पट्टा अर्धं बोट आत गेला, अधिक नाही, उणा नाही. त्याने पुन्हा दाबला. मग तिसऱ्यांदा. रोपेताने आभाळाकडे पाहिलं. पेलेनातोने बोल्ट पक्का केला आणि प्लग खटकन बसवला. आता फक्त जाड वायर उरली होती. त्याने तिचं टोक उचललं, आणि तेवढ्यात पहिली घंटा झाली.

चर्चच्या आवारात टांगलेल्या रिकाम्या गॅसच्या टाकीवर लोखंडाचे टोले पडत होते. संध्याकाळच्या प्रार्थनेची वेळ. पहिल्या घंटेला घरी जायचं, दुसरीला प्रार्थना सुरू, तिसरी झाल्याशिवाय गावात पान हलायचं नाही. नाटकात तिसऱ्या घंटेला पडदा उघडतो. इथे तिसऱ्या घंटेला गाव पुन्हा चालायला लागतं. रस्त्याच्या दोन्ही टोकांना फुलांच्या माळा घातलेले पहारेकरी येऊन उभे राहिले.

"काका, एक नट! एकच!" रोपेता कुजबुजला. "झाडामागे कोण बघतंय?"

"देव बघतो म्हणून तर घंटा वाजवतात," पेलेनातो म्हणाला. त्याने जाड वायरीच्या टोकाला कापड गुंडाळलं, पाना पेटीत ठेवला आणि हात धुतले.

भिंती नसलेल्या त्या घरात, खांबांना पाठ टेकून तिघं बसले. मासिनाने गाणं उचललं, पेलेनातोने खालचा सूर धरला, रोपेतानेही धरला. पण त्याचं एक पाऊल सारखं व्हॅनच्या दिशेने हलत होतं. तिसरी घंटा झाल्यावर मासिनाने नारळाच्या दुधात शिजवलेली पानं, तारोचे उकडलेले कंद आणि गरम कोको मांडला. अंगठी अजून तिच्या अंगठ्यात चमकत होती.

"मला भूक नाही, मावशी. टायरमधली हवा बघून येतो," म्हणत रोपेता उठला.

"हवा टायरमध्येच आहे, तुझ्या डोक्यात नको जाऊ देऊस," मासिना म्हणाली.

पेलेनातो सावकाश जेवला. कंदील घेऊन झाडाखाली आला तेव्हा रोपेता पाना हातात धरून, हसत, तयार उभा होता. "घ्या. नट फिरवा, की झालं. काका, मी पण जरा हातभार लावलाय बरं का."

पेलेनातोने पाना घेतला आणि खाली ठेवला. बोटाकडे पाहिलं, अंगठी नव्हती. कमरेची गाठ चाचपली, किल्ली होती.

"आता परत नांदीपासून?" रोपेता कळवळला. "काका, उद्याचा प्रयोग आहे हो!"

पेलेनातो बॅटरीकडे वळला आणि कंदील वर धरला. फडकं खाली पडलं होतं. काळी वायर आपल्या खुंटीवर घट्ट बसलेली होती.



"ही कोणी लावली?"

"मी," रोपेता म्हणाला. "शेवटी तीच लावायची असते ना? म्हटलं तुमचं एक काम कमी. आणि... गाणी वाजतात का तेही बघितलं. हळू आवाजात. दुसरी किल्ली आहे माझ्याकडे."

पेलेनातोने काळी वायर सोडवली आणि पुन्हा गुंडाळली. मग डावा हात कंदिलापाशी धरला आणि चौथं बोट उलटं करून दाखवलं.

"ही जाड वायर सरळ बॅटरीतून येते. किल्ली फिरवा, न फिरवा, ती जागीच असते. मी पाना लावला असता तर तो इंजिनाला टेकला असता. अल्टरनेटर गेला असता, कदाचित माझा हातही. आणि उद्या..." तो थांबला. "उद्या सिएनी पुन्हा पायरीवर."

 रोपेता कानामागचं फूल काढून हातात चुरगाळत राहिला. "काका, मला वाटलं मदत केली."

"केलीस. आता दुसरी मदत कर. दुसरी किल्ली मासिनाकडे दे आणि कंदील धर. हलू देऊ नकोस."

जाड वायर बसली, नट आवळला, त्यावर रबराची टोपी चढली. पेलेनातोने पाने मोजले, फडकी मोजली, इंजिनात काही राहिलं नव्हतं. मग काळी वायर. रोपेताला पट्ट्यापासून दूर व्हायला सांगून त्याने गाडी सुरू केली. चिकटपट्टी सोलून काढली. खालचा लाल दिवा विझलेला होता. बॅटरीवर मीटर धरला, व्होल्टचा आकडा चौदाच्या जरा वर. दिवे लावले, आकडा किंचित ढळला आणि सावरला.

"आता तुझी गाणी लाव."

मागच्या बाकाएवढ्या दोन भोंग्यांतून ढोल सुरू झाला, तसा मीटरचा आकडा उतरायला लागला. तेरा, मग साडेबारा, मग बारा.

"हे खातं जास्त, आणि हा कमावतो कमी," पेलेनातो म्हणाला. "जुना अल्टरनेटर यानेच मारला. हे असंच राहिलं तर नवाही वाचणार नाही."

"पण काका, गाण्यांशिवाय माझ्या गाडीत बसणार कोण?"

"उद्या चौदा जण बसणार आहेत. त्यांना विचार."

रोपेताने गाणी आणि गाडी दोन्ही बंद केली. मग स्वतःच पाना उचलला. त्याआधी त्याने काळी वायर काढली, कोणी न सांगता, आणि फडक्यात गुंडाळून लांब ठेवली. भोंगे उतरवून झाल्यावर तीच वायर सगळ्यात शेवटी लावली. पेलेनातोने पाहिलं आणि पाहिलंच नाही असं दाखवलं.

सकाळी पेलेनातो पांढऱ्या शर्टात रोपेताच्या शेजारी बसून वाडीपर्यंत गेला. येताना व्हॅन एवढी शांत होती, की एका मुलाने भीतभीत वचन घोकायला सुरुवात केली. मग दुसऱ्याने. उतारावर आले तोवर चौदाही जण आपापलं वचन ओरडत होते, कोणाचं कोणाला ऐकू येत नव्हतं, आणि रोपेता चाकावर ताल धरत होता. पेलेनातोचे डोळे लाल दिव्याच्या जागेवरून हलले नाहीत. दिवा लागला नाही. गेल्या वर्षी गाडी बसली होती ते वळण मागे पडलं तेव्हाही नाही.

चर्चमध्ये तो मागच्या बाकावर मासिनाजवळ बसला. सिएनीचा नंबर नववा होता. ती उभी राहिली, हात जोडले, आणि समोर खरंच भरलेलं सभागृह होतं. सातव्या ओळीवर ती अडखळली. पेलेनातोचे ओठ आपसूक हलले. त्याला ती ओळ वर्षभर पाठ होती. तिने त्याच्याकडे पाहिलं की नाही कोण जाणे, पण ओळ सापडली, आणि अकरावी संपेपर्यंत आवाज कुठे हलला नाही.

ती खाली बसली. मासिनाने अंगठ्यातली अंगठी काढली, न बघता नवऱ्याचा डावा हात ओढून घेतला, आणि त्या पांढऱ्या वळावर ती नीट बसवून दिली.