सोळा ओहमचे चार कर्णे

एका लग्नात मी चार कर्णे एकाच ॲम्प्लिफायरला जोडले आणि तो जाळून ठेवला, हे आधीच सांगून टाकते. नातवंडांना मी फार शहाणी वाटते. तो गैरसमज जितक्या लवकर फिटेल तितका बरा.

आमच्या ह्यांचा लाउडस्पीकर भाड्यानं द्यायचा धंदा. कोल्हापुरात तेव्हा कर्ण्याशिवाय लग्न म्हणजे मुकं लग्न. त्या वर्षी ऐन लग्नसराईत ह्यांना कावीळ झाली आणि एका ठरलेल्या लग्नाला सेट घेऊन मी निघाले. मॅट्रिक पास होते ना मी! सातवीत शाळा सोडलेल्या नवऱ्याला जमतं ते मला काय अवघड, असा तोरा. अंथरुणातून ह्यांनी बजावलं, "दोनच कर्णे लाव. तिसरा लावायचा न्हाई." का, ते मी विचारलं नाही. विचारलं तर मला ठाऊक नाही असं झालं असतं. उलट माळ्यावरचे जुने दोन कर्णेही मी गुपचूप टेम्पोत चढवले.

सेट, म्हणजे तो ॲम्प्लिफायर, चाचांनी हातानं जोडलेला. चाचा म्हणजे ह्यांना हे काम शिकवणारे म्हातारे रेडिओ मिस्त्री. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता आणि हा त्यांनी नव्यानं बनवलेला शेवटचा सेट होता.

मांडवात नवरीचा मामा आला. "वहिनी, एक कर्णा पावण्यांकडं, एक देवळाकडं. आमच्या गल्लीनं काय घोडं मारलंय?" मामाची गल्ली झाल्यावर नवरीच्या काकांची आलीच. कर्ण्याचं तोंड ज्याच्या घराकडं, त्याचा मान.

सेटच्या पाठीवर आठ ओहम लिहिलं होतं, प्रत्येक कर्ण्यावर सोळा. ओहम म्हणजे अडथळा, एवढं मला माहीत. मग मी मनात बेरीज मांडली. सोळा चोक चौसष्ट. अडथळा वाढला, म्हणजे सेटला आरामच की! आणि चारही कर्ण्यांच्या वायरी एकाच जागी पिळून बसवल्या.

दुसरं मंगलाष्टक चालू असताना जळक्या रबरासारखा वास आला. कर्णे एकदा खरखरले आणि गप्प झाले. भटजी बिचारे नुसत्या गळ्यावर ओरडत राहिले. मामा माझ्याकडं बघत होता. मी मात्र सेटकडं असं बघत होते, जणू तो दुसऱ्याच कुणीतरी आणलाय.

घरी आल्याबरोबर, ह्यांना कळायच्या आत, जुने दोन कर्णे माळ्यावर गेले. दुसऱ्या दिवशी सेट चाचांच्या दुकानात नेला. त्यांनी झाकण उघडून आधी वास घेतला, मग आतून बोटं फिरवली.

"कर्णे किती लावलतीस?"

"दोनच," मी म्हटलं. मॅट्रिक पास बाईला एवढा आकडा चटकन सुचला.

आठ दिवसांनी चाचा ह्यांची तब्येत बघायला घरी आले. मी चहा घेऊन बाहेर येत होते.

"दोन कर्ण्यावर जळायचा सेट न्हवं त्यो," चाचा ह्यांना सांगत होते. "सोळाचे दोन शेजारी शेजारी जोडलं की आठच होतंय. म्हंजे माझाच कुठला तरी सांधा कच्चा ऱ्हायला आसणार. रोज उघडतोय, गावत न्हाई. दिसतच न्हाई आता, काय गावणार? बास झालं आता हे काम. उद्या हत्यारं बांधतो आन् जयसिंगपूरला भाच्याकडं धाडतो."

"चाचा, तुमचा सांधा आणि कच्चा?" हे म्हणाले.

चाचा हसले नाहीत. मी कप ठेवला आणि आत गेले. चुलीपुढं बसून मी पहिल्यांदा नीट विचार केला. सोळाचे दोन जोडून आठ होतात, म्हणजे बेरीज नाही, उलटंच काहीतरी. एका टाकीला चार नळ सोडल्यासारखं. प्रत्येक कर्ण्यानं विजेला आणखी एक वाट करून दिली. चारांचे झाले असणार चारच ओहम, आणि आठाच्या बेतानं बांधलेला सेट दुप्पट वीज ओतता ओतता जळाला. सांधे सगळे पक्के होते. कच्चं होतं ते माझं तोंड.

सकाळी दुकानात गेले तर चाचा हत्यारांच्या लाकडी पेटीला सुतळी बांधत होते. गाठ दिसत नव्हती, म्हणून बोटांनी चाचपत होते.

"चाचा, कर्णे चार होते," मी म्हटलं. "ह्यांनी दोनच लाव म्हणून सांगितलं होतं."

चाचांनी पेटी माझ्यापुढं सरकवली. मग माझ्याकडं न बघताच म्हणाले, "चार व्हय? आन् मी आठ दिवस माझ्या डोळ्यांस्नी शिव्या घातल्या की गं पोरी. सोड ती सुतळी. आन् परत माझ्याम्होरं आकडा बोलशील तवा दोनदा मोजून बोल."